२५ कोटी डॉलर पाण्यात जातात कसे?

१९ मार्च २०१२ रोजी डिस्नेने एक निवेदन काढलं. दहाच दिवसांपूर्वी लागलेल्या ‘जॉन कार्टर’ या सिनेमापायी कंपनीला सुमारे २० कोटी डॉलरचा तोटा होईल, असं त्यात सरळ लिहिलं होतं. तेव्हाच्या दराने साधारण हजार कोटी रुपये. सिनेमा थिएटरात चालू असतानाच मालकाने तो बुडाल्याचं जाहीर केलं, असं फारसं घडत नाही.

आता आकडे बघा. सिनेमा बनवायला लागले सुमारे २५ कोटी डॉलर. जगभरातला त्याचा एकूण गल्ला झाला २८ कोटींच्या वर. खर्चापेक्षा गल्ला मोठा, मग २० कोटींचा खड्डा आला कुठून?

तिकीटबारीवर जमलेला पैसा स्टुडिओचा नसतो. अमेरिकेत ढोबळमानाने अर्धा पैसा थिएटरवाला ठेवतो. परदेशात स्टुडिओच्या हातात त्याहून कमी, सरासरी चाळीसेक टक्के येतात. चीनमध्ये तर पंचवीसच्या आसपास. ‘जॉन कार्टर’ची अमेरिकेतली कमाई होती ७.३ कोटी, म्हणजे स्टुडिओला साडेतीन-पावणेचार. बाहेरची २१ कोटी, म्हणजे साडेआठच्या आसपास. एकूण हातात बारा. खर्चाच्या बाजूला २५ कोटींवर जाहिरात आणि प्रसिद्धीचे आणखी दहाएक कोटी चढवा. पस्तीस गेले, बारा आले. टीव्ही आणि डीव्हीडीचे हक्क थोडीफार मलमपट्टी करतात, पण तेवीस कोटींचं भगदाड त्याने बुजत नाही. म्हणून हॉलिवुडमध्ये ढोबळ हिशोब धरतात तो असा, की बजेटच्या अडीच पट गल्ला झाला तर सिनेमा काठाला लागला.

आपल्याकडचा हिशोब वेगळा असला तरी जात तीच. पुण्या-मुंबईच्या मल्टिप्लेक्समध्ये तुम्ही हिंदी सिनेमाचं २३६ रुपयांचं तिकीट काढलंत, तर त्यातले ३६ रुपये जीएसटीचे. उरलेले २०० म्हणजे ‘नेट’. या नेटमधून वितरकाला पहिल्या आठवड्यात ५० टक्के मिळतात, दुसऱ्यात साडेबेचाळीस, तिसऱ्यात साडेसदतीस आणि पुढे तीस. म्हणजे पहिल्या आठवड्यात तुमच्या तिकिटातले १०० रुपये त्याच्याकडे गेले, तर चौथ्या आठवड्यात साठच. ही वाटणी २००९ सालची. त्या वर्षी निर्माते आणि वितरकांनी एप्रिलपासून दोन महिने मल्टिप्लेक्सना नवे हिंदी सिनेमे दिलेच नव्हते, त्या भांडणातून ती ठरली. वितरकाचं कमिशन आणि प्रसिद्धीचा खर्च वजा करून जे उरतं ते निर्मात्याचं. पोस्टरवर झळकणारा ‘जगभरात ३०० कोटी’ हा आकडा बहुतेकदा ग्रॉसचा, म्हणजे करासकट असतो. निर्मात्याच्या खात्यात त्यातला निम्मा पोचला तरी तो देवाला नारळ फोडेल.

हे झालं गणित. पण ‘जॉन कार्टर’ आपटला तो गणितामुळे नव्हे. लोक आलेच नाहीत. आणि ते का आले नाहीत, हे पाहिलं की मोठे सिनेमे कसे बिघडतात ते बऱ्यापैकी कळतं.

गोष्ट चांगली जुनी होती. एडगर राइस बरोज या लेखकाने ती १९१२ मध्ये मासिकातून क्रमशः लिहिली. अमेरिकी यादवी युद्धातला एक सैनिक मंगळावर जाऊन पोचतो, तिथे गुरुत्वाकर्षण कमी म्हणून लांबच लांब उड्या मारतो, हिरव्या चार हातांच्या योद्ध्यांशी लढतो, राजकन्येला वाचवतो. पुढच्या शंभर वर्षांत अंतराळपट काढणाऱ्या प्रत्येकाने या गोष्टीतलं काही ना काही उचललं. त्यामुळे मूळ गोष्ट पडद्यावर आली तेव्हा तीच नक्कल वाटली. ‘स्टार वॉर्स’ आणि ‘अवतार’ पाहिलेल्या पोरांना ट्रेलरमध्ये नवं काही दिसेना.

दिग्दर्शक अँड्र्यू स्टँटन म्हणजे कुणी ऐरागैरा नव्हे. ‘फाइंडिंग नीमो’ आणि ‘वॉल-ई’ त्याचेच, दोन्हींना ऑस्कर. पण ते पिक्सारचे अ‍ॅनिमेशनपट. पिक्सारमध्ये सिनेमा आधी कच्च्या चित्रांत बनवतात. स्टुडिओतलीच माणसं तात्पुरते आवाज देतात, सगळे बसून ती रीळ पाहतात, शिव्या घालतात, मोडतात आणि पुन्हा जोडतात. चार-पाच वेळा मोडलं तरी कागद-पेन्सिल आणि वेळ एवढाच खर्च. जिवंत नट, सेट, घोडे आणि युटाचं वाळवंट घेऊन हे करायला गेलं की प्रत्येक ‘पुन्हा करूया’ लाखो डॉलरना पडतो. स्टँटनचा हा नट घेऊन केलेला पहिलाच सिनेमा होता. चित्रीकरण आटोपल्यावर त्याला बरेच प्रसंग नव्याने घ्यावे लागले. ज्या पद्धतीने तो मोठा झाला, तीच इथे महागात पडली.

वरच्या मजल्यावरही खांदेपालट चालू होती. सिनेमाला हिरवा कंदील देणारे स्टुडिओप्रमुख डिक कुक यांनी सप्टेंबर २००९ मध्ये डिस्ने सोडलं. चित्रीकरण सुरू झालं जानेवारी २०१० मध्ये. नवे प्रमुख रिच रॉस टीव्हीतून आलेले. मार्केटिंगची प्रमुख सिनेमाधंद्याच्या बाहेरून आणलेली, तीही सिनेमा लागण्याच्या दोन महिने आधी गेली. आपण न निवडलेला सिनेमा विकायची वेळ येते तेव्हा माणूस किती जीव ओततो? मोठा सिनेमा कागदावरून पडद्यावर यायला तीन-चार वर्षं लागतात, आणि तेवढ्या वर्षांत ज्याने ‘हो’ म्हटलं तो माणूस बहुधा त्या खुर्चीत नसतो. या धंद्यातल्या निम्म्या घोळांचं मूळ मला इथे दिसतं. यश आलं तर नवा साहेब फोटोत असतो, अपयश आलं तर ते आधीच्याचं.

नावाचाही किस्सा आहे. मूळ कादंबरीच्या नावात ‘प्रिन्सेस’ आणि ‘मार्स’ असे दोन शब्द होते. ‘प्रिन्सेस’ ठेवलं तर मुलगे यायचे नाहीत आणि ‘मार्स’ ठेवलं तर मुली, असा विचार झाला. त्यात २०११ मध्ये डिस्नेचाच ‘मार्स नीड्स मॉम्स’ सपशेल पडला: बजेट १५ कोटी, गल्ला चारही नाही. मग मंगळ हा शब्दच अशुभ ठरला. उरलं ‘जॉन कार्टर’. हा सरदारपट आहे, वकिलाची गोष्ट आहे की पाठीच्या दुखण्यावरचं मलम, नावावरून काही म्हणजे काही कळत नाही. कुणालाही खटकू नये म्हणून एकेक शब्द गाळत गेलं की शेवटी कुणाला ओढेल असंही काही उरत नाही. २५ कोटी लावलेल्या माणसाला प्रत्येक वयाचा, प्रत्येक देशाचा प्रेक्षक लागतो. मग विनोद बेताचा, राग बेताचा, शेवट गोड. पैसा वाढतो तसा सिनेमा भित्रा होत जातो.

आणि तारीख. मोठ्या सिनेमाची तारीख हल्ली पटकथेच्या आधी ठरते. लग्नाचं कार्यालय एकदा बुक झालं की मग जागा, आचारी, मानपान सगळंच त्या तारखेकडे पळत सुटतं. नवरा-नवरीचं पटत नाही असं कुणाच्या लक्षात आलं तरी तोंड उघडायची सोय नसते. इथेही तेच. खेळण्यांचे करार झालेले, हजारो पडदे राखून ठेवलेले, व्हीएफएक्सच्या, म्हणजे संगणकावर दृश्यं बनवणाऱ्या कंपन्या रात्रंदिवस जुंपलेल्या. पटकथेचा दुसरा भाग जमलेला नाही हे सगळ्यांना माहीत असतं आणि कुणीच थांबवत नाही.

थांबवता न येणं हा रोग जुना आहे. १९७९ मध्ये मायकल चिमिनो या दिग्दर्शकाला ऑस्कर मिळालं आणि त्याच महिन्यात मोंटाना राज्यात त्याच्या ‘हेवन्स गेट’चं चित्रीकरण सुरू झालं. सहाव्या दिवशी तो वेळापत्रकाच्या पाच दिवस मागे होता. सेटवर बांधलेला एक रस्ता त्याला अरुंद वाटला, आणखी सहा फूट रुंद हवा होता. बांधकामवाला म्हणाला, एक बाजू पाडून सहा फूट मागे घेऊ, स्वस्तात होईल. चिमिनोचं म्हणणं, दोन्ही बाजू पाडा आणि तीन-तीन फूट मागे घ्या. तसं केलं गेलं. सव्वा कोटीच्या आत बसायचा सिनेमा साडेचार कोटी डॉलरच्या घरात गेला आणि अमेरिकेत त्याने पस्तीसेक लाख कमावले. चार्ली चॅप्लिन आणि त्याच्या साथीदारांनी १९१९ मध्ये काढलेली युनायटेड आर्टिस्ट्स ही कंपनी तिच्या तेव्हाच्या मालकांनी १९८१ मध्ये विकून टाकली. अधिकाऱ्यांना वेळेत कळलं नव्हतं असं नाही. पण ऑस्करवाल्या दिग्दर्शकाला काढलं तर सिनेमा पूर्ण कोण करणार, आणि पूर्ण नाही झाला तर आधीच घातलेल्या पैशाचं काय? म्हणून आणखी घालत राहायचं.

‘जॉन कार्टर’कडे परत येतो, कारण त्यानंतर डिस्नेने काय केलं ते जास्त बोलकं आहे. महिन्याभरात रिच रॉस यांनी राजीनामा दिला. मे महिन्यात त्याच डिस्नेने मार्वलचा ‘द अ‍ॅव्हेंजर्स’ लावला, बजेट २२ कोटी, गल्ला १५० कोटी डॉलर. वर्षाचा ताळेबंद सावरला. आणि ऑक्टोबरअखेर कंपनीने जाहीर केलं, की ‘स्टार वॉर्स’ची मालक असलेली लुकासफिल्म ती ४०५ कोटी डॉलरला विकत घेते आहे. ज्याच्यासारखा दिसतो म्हणून आपला सिनेमा पडला, ती चीजच खरेदी केली. धडा उघड होता: नव्या नावावर पैसे लावू नका, लोकांना ठाऊक असलेली नावं गाठीला बांधा.

काही वर्षं हे छान चाललं. पण ओळखीच्या नावालाही एक खोट आहे. नाव पक्कं आहे म्हटल्यावर खर्चाला लगाम उरत नाही. २०१८ चा ‘सोलो’ बघा. ‘स्टार वॉर्स’मधल्या लाडक्या पात्राची कथा. चित्रीकरणाला काही महिने झाल्यावर दोन्ही दिग्दर्शकांना काढलं, रॉन हॉवर्डला आणलं, त्याने मोठा भाग पुन्हा केला. बजेट २७ कोटींच्या पुढे, गल्ला ३९ कोटींच्या आसपास. वरचं अडीच पटीचं गणित लावून बघा. शिवाय आधीचा ‘स्टार वॉर्स’पट लागून जेमतेम पाच महिने झाले होते, भूकच लागली नव्हती. २०२३ मध्ये तर इंडियाना जोन्सच्या पाचव्या भागाला सुमारे ३० कोटी घातले आणि ३८ कोटींचा गल्ला झाला. तीस कोटींना चाळीस वर्षांपूर्वीची आठवण विकत घेतली, पण आजच्या सोळा वर्षांच्या पोराला त्या आठवणीशी काय देणंघेणं?

एक जोडी मला या सगळ्यात फार शिकवणारी वाटते. वॉर्नर ब्रदर्सने २०१९ मध्ये ‘जोकर’ काढला. बॅटमनच्या शत्रूची गोष्ट, पण बॅटमन नसलेला, मारामारी नसलेला, एका मोडलेल्या माणसाचा काळवंडलेला सिनेमा. स्टुडिओला धाकधूक होती. म्हणून बजेट सहा-सात कोटींवर रोखलं आणि दोन भागीदार घेऊन बोजा वाटला. सिनेमाने १०० कोटी डॉलर ओलांडले, आणि नफाही भागीदारांबरोबर वाटावा लागला. साहजिकच हळहळ झाली असणार. दुसऱ्या भागाच्या वेळी भीती संपली होती. बजेट वीस कोटींच्या घरात. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये तो लागला. अमेरिकेत पहिल्या रात्री थिएटरबाहेर प्रेक्षकांकडून कार्डं भरून घेतात आणि सिनेमाला श्रेणी देतात. याला मिळाली ‘डी’. पहिल्या शुक्रवार-रविवारी ३ कोटी ७७ लाख, दुसऱ्या शुक्रवार-रविवारी ७० लाख. ८१ टक्के घसरण. जगभरचा गल्ला मिळून बजेटएवढाच. धोका वाटत होता तेव्हा स्टुडिओ सावध होता, आणि निर्धास्त झाला तेव्हा बुडाला.

मग स्टुडिओंनी धोका पत्करावा का?

माझं मत विचाराल तर पत्करावा, आणि त्यांना पर्यायही नाही. सिनेमाच्या धंद्यात सरासरीला काही अर्थ नसतो. दहातले दोन सिनेमे उरलेल्या आठांचे पैसे भरतात आणि ते दोन कोणते, हे आधी कुणालाच सांगता येत नाही. तेव्हा प्रश्न ‘कशात’ धोका घ्यायचा हा आहे. गोष्टीत, की रकमेत? दोन्हींत एकदम घेतला तर तो जुगार. ‘जॉन कार्टर’मध्ये नायक अनोळखी, जग अनोळखी, दिग्दर्शक या प्रकारात नवखा, आणि तरी बजेट सर्वांत वरच्या पट्टीतलं. यातली एखादी गोष्ट जरी ओळखीची असती किंवा रक्कम निम्मी असती, तर आज तो एक बरा साहसपट म्हणून लोकांच्या लक्षात राहिला असता. मला तर तो वाईटही वाटत नाही.

रक्कम मोठी लावायचीच असेल तर वाटून लावावी, याचं सर्वांत मोठं उदाहरण ‘टायटॅनिक’. फॉक्सने सुरू केलेला हा सिनेमा खर्चात इतका वाहवत गेला की पॅरामाउंटला भागीदार करून घ्यावं लागलं. पॅरामाउंटने आपला आकडा साडेसहा कोटी डॉलरवर बांधून घेतला; त्यावर कितीही वाढलं तरी ते फॉक्सने बघायचं. बजेट वीस कोटींवर गेलं. १९९७ च्या जुलैत लागायचा तो डिसेंबरमध्ये लागला आणि वर्तमानपत्रांनी आधीच त्याचा बारावा-तेरावा उरकला होता. पुढचा इतिहास सर्वांना पाठ आहे. अमेरिकेतले हक्क पॅरामाउंटकडे होते आणि तिथे एकट्याने ६० कोटी झाले. अर्थात ‘टायटॅनिक’ हे उदाहरण देताना जरा जपून. त्याच्यावर विश्वास ठेवून बजेट फुगवणारे किती बुडाले त्यांची नावंही आपल्याला आठवत नाहीत.

आपल्याकडे बराच काळ हा सगळा धोका एका माणसाच्या अंगावर असायचा. राज कपूरने ‘मेरा नाम जोकर’वर सहा वर्षं घालवली, मालमत्ता गहाण टाकली. १९७० मध्ये तो चार तासांचा, दोन मध्यंतरांचा सिनेमा पडला. हॉलिवुडचा साहेब राजीनामा देऊन दुसऱ्या कंपनीत रुजू होतो. इथे राज कपूरचा आर. के. स्टुडिओच जायची वेळ आलेली. पुढची चाल मात्र बघण्यासारखी आहे. महागडा नट परवडत नव्हता म्हणून त्याने स्वतःचा मुलगा आणि एक नवखी पोरगी घेतली, प्रेमकथा निवडली आणि १९७३ मध्ये ‘बॉबी’ आला. चेहरे नवे, बाकी सगळं पक्कं: गाणी, कपडे, श्रीमंत-गरिबाचं भांडण. रिशी कपूर आणि डिंपल कपाडिया एका सिनेमात स्टार झाले आणि आर. के. वाचला.

आता हिंदीत कॉर्पोरेट कंपन्या आल्या, पण दुखणं बदललेलं नाही, फक्त खर्चाचा धनी बदलला. बजेटचा केवढा तरी हिस्सा एकट्या नायकाच्या मानधनात जातो. त्याच्या मागून येणारा लवाजमा, व्हॅनिटी व्हॅनची रांग, मेकअपवाले, बाउन्सर, खासगी आचारी, हेही निर्मात्याच्याच बिलात. अलीकडे निर्माते यावर उघडपणे कुरकुरू लागलेत. हा पैसा पडद्यावर दिसत नाही, हीच त्यातली खरी अडचण आहे. करोनाच्या काळात ओटीटीवाले भरभरून मोजत होते, तोवर चाललं. त्यांनी हात आखडता घेतल्यावर नागडं गणित समोर आलं.

मराठीत तर एवढी रक्कमच नसते, म्हणून गोष्टीतच धोका घ्यावा लागतो, आणि तो कधीकधी सणसणीत फळतो. ‘फँड्री’नंतर नागराज मंजुळेंनी २०१६ मध्ये ‘सैराट’ केला तेव्हा नायक-नायिका दोघंही कॅमेऱ्यासमोर पहिल्यांदा उभे राहिलेले, आणि शेवट असा की कुठल्याही मार्केटिंग बैठकीत तो बदलायला लावला असता. खर्च चारेक कोटी रुपये, गल्ला शंभर कोटींच्या आसपास. तोच सिनेमा ऐंशी कोटींत, मोठा हिंदी नट घेऊन काढला असता तर तो शेवट टिकला असता का? मला शंका आहे.

हॉलिवुडमध्ये हे शहाणपण परत येताना दिसतंय, आणि गंमत म्हणजे ते ‘जोकर’ दोनदा करून बसलेल्या वॉर्नरकडूनच. एप्रिल २०२५ मध्ये त्यांनी रायन कूगलरचा ‘सिनर्स’ लावला. १९३२ सालचं मिसिसिपी, कृष्णवर्णीयांचं ब्लूज संगीत आणि रक्तपिपासू पिशाच्चं. ना कादंबरी, ना कॉमिक, ना जुना भाग. बजेट नऊ-दहा कोटी. त्या वसंतात स्टुडिओचे दोन्ही प्रमुख जाणार अशा बातम्या रोज छापून येत होत्या. पहिल्या शुक्रवार-रविवारी अमेरिकेत ४ कोटी ८० लाख, दुसऱ्या शुक्रवार-रविवारी साडेचार कोटींच्या वर. घसरण पाच टक्के. मोठ्या सिनेमाच्या बाबतीत हे जवळजवळ घडतच नाही. जाहिरातीने पहिला रविवार भरतो, दुसरा भरतात ती पाहून आलेली माणसं. जगभरचा गल्ला ३६ कोटींच्या पुढे गेला आणि दोन्ही प्रमुखांच्या खुर्च्या टिकल्या.

या सिनेमासाठी कूगलरने घातलेल्या एका अटीने मात्र बाकीच्या स्टुडिओंची झोप उडाली: २५ वर्षांनी सिनेमाची मालकी त्याच्याकडे यायची. जुन्या सिनेमांच्या हक्कांवर स्टुडिओ वर्षानुवर्षं खातो, तेच हातचं गेलं तर उरणार काय, अशी ओरड झाली. मला ती रास्त वाटत नाही. २०५० पर्यंतची सगळी वर्षं स्टुडिओचीच आहेत, आणि सिनेमा आपला होणार हे ठाऊक असलेला दिग्दर्शक सेटवरचा रस्ता दोन्ही बाजूंनी पाडायला सांगणार नाही.